तबकडीचें अधांतरीं आसन

गोंदिया हें नांव गोंदावरून पडलें असें सांगतात. रानांतून गोंद आणि लाख गोळा करून बाजारांत आणण्याचा व्यवहार या भागांत जुना आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक चिमुकला किडा जी लाख निर्माण करतो, तीच शुद्ध करून तिचा चपडा होतो. आणि हाच चपडा दगडाच्या भुकटींत मिसळून मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या घडविल्या जात. बालगंधर्वांचा आवाज घरोघर पोहोंचला तो अशाच तबकड्यांतून. पुढें लाखेची जागा व्हिनाइलनें घेतली, तबकडी मिनिटास सवातेहतीसच्या किंचित् वर फेरे घेऊं लागली, आणि तिच्यावरील खांच मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी अरुंद झाली. एवढ्या अरुंद वाटेनें चालणाऱ्या सुईला स्वस्थ जागा मिळवून देणें हें मात्र गोंदियासारख्या गांवीं सोपें नाहीं. नागपूर, दुर्ग, बालाघाट आणि बल्लारशा या चारी दिशांच्या गाड्या येथें एकत्र येतात, आणि भाताच्या गिरण्या तर या गांवाची ओळखच आहेत.

सुईला विवेक नसतो. खांचेंतील वळण कोणतें आणि जमिनीचा कंप कोणता, हें तिला उमगत नाहीं. दोहोंचेंहि ती विजेंत रूपांतर करते. परिणामीं गायकाच्या षड्जाखालीं एक घरघर ऐकूं येते, आणि धक्का मोठा असल्यास सुई उडून खांचेवर ओरखडा पडतो. ज्या तबकड्या पुन्हा निघालेल्याच नाहींत, त्यांवरील ओरखडा हा कायमचाच होय.

यावरील एक सुंदर उपाय अमेरिकेंतील एडगर व्हिल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीनें १९६१ सालीं बाजारांत आणला. तबकडीचा थाळा आणि सुईचा हात हीं दोन्ही एकाच आंतल्या चौकटीवर बसवावयाचीं, ती चौकट तीन स्प्रिंगांवर अधांतरीं ठेवावयाची, आणि फिरविणारी मोटर मात्र बाहेरच्या पेटीवर ठेवून रबरी पट्ट्यानें गति द्यावयाची, अशी ही रचना. पेटीला धक्का बसला तरी थाळा आणि सुई एकत्रच हलतात; त्यांचें परस्परांतील अंतर बदलत नाहीं, म्हणून ध्वनींत कांहीं येत नाहीं. गाणें चालू असतांना पेटीवर हातोडी मारून दाखविण्याचा प्रयोगहि त्या काळीं होत असे. घरीं तो करण्याची आवश्यकता नाहीं. स्वित्झर्लंडच्या थोरेन्सनें १९६५ मध्यें आणि स्कॉटलंडच्या लिननें १९७२ मध्यें हीच वाट पुढें नेली.

स्प्रिंग सगळेच धक्के अडवीत नाहीं, हें येथें नीट ध्यानांत घ्यावयास हवें. थाळ्याच्या भारानें स्प्रिंग दीड सेंटिमीटर दबली, तर तिचीं स्वाभाविक आंदोलनें सेकंदास सुमारें चार होतात. याहून पुष्कळ जलद असलेला कंप ती गिळून टाकते. गिरणींतील मोटर मिनिटास १४४० फेरे घेत असेल, तर तिचा कंप सेकंदास चोवीस. त्याचा पस्तिसावा हिस्साच सुईपर्यंत पोहोंचतो. परंतु चालणाऱ्या माणसाचीं पावलें सेकंदास दोनच्या आसपास पडतात, आणि त्या धक्क्यांत दुपटीचीं आंदोलनेंहि मिसळलेलीं असतात. तीं थेट स्प्रिंगेच्या जातींचीं! म्हणून दूरच्या गिरणीचा कंप हें यंत्र सहज सोसतें, आणि लांकडी माडीवर धांवत आलेल्या पांच वर्षांच्या मुलापुढें मात्र हार खातें.

तेव्हां पहिला प्रश्न जागेचा. माडीपेक्षां खालची फरसबंदी जमीन बरी. आणि माडीच असेल तर विटांच्या भक्कम भिंतींत लोखंडी आधार घालून हलकी, ताठ फळी बसवावी. ज्या तुळईला बंगई टांगली आहे, ती तुळई ज्या भिंतींत गेली असेल ती भिंत मात्र टाळावी. ध्वनिक्षेपक त्याच फळीवर ठेवणें हा तर यंत्राशीं उघड वैरभाव होय.

जागा ठरल्यावर प्रवासासाठीं आवळलेले स्क्रू सोडावे आणि बाहेरची पेटी पाणसळीनें सपाट करून घ्यावी. मग पट्टा चढवावा, थाळा व त्यावरील गादी ठेवावी, सुईचा हात तोलून घ्यावा आणि एक तबकडीहि ठेवावी. रिकाम्या थाळ्यावर साधलेला तोल तबकडी ठेवतांच बिघडतो. पुष्कळांचा धीर सुटतो तो येथेंच. आतां स्प्रिंगांच्या नटांना एका वेळीं पाव फेराच देऊन थाळा सपाट आणि योग्य उंचीवर आणावा. थाळ्यावर ठेवावयाची पाणसळ छोटी व हलकी असावी. गवंड्याची जड पाणसळ स्वतःच तोल बिघडविते.

खरी परीक्षा यापुढें. थाळा मध्यभागीं बोटानें हळूच दाबून सोडावा. तो विहिरींतील पोहऱ्यासारखा सरळ वर-खालीं झाला पाहिजे, आणि आठ-दहा आंदोलनांनंतर हळूहळू शांत झाला पाहिजे. तो बंगईसारखा आडवा झुलूं लागला, तर समजावें कीं एखादी स्प्रिंग तिरपी बसली आहे किंवा कोठें तरी घासत आहे. ती स्प्रिंग आपल्या जागींच थोडी फिरवून पाहावी. तरीहि झोका जात नसेल, तर सुईच्या हातापासून निघणाऱ्या बारीक तारेकडे पाहावें. ही तार ताठ असली, तर तीन स्प्रिंगांचें सारें श्रम ती एकटी व्यर्थ करते. तिला सैल वळसा देऊनच बाहेर काढावी. हें एवढेंसें काम एक संपूर्ण दुपार खाऊं शकतें, आणि तें घाईनें करण्यापेक्षां दुसऱ्या दिवसावर टाकलेलें बरें.

झोका सरळ झाला कीं सुईचा भार पुन्हा मोजावा आणि तो निर्मात्यानें सांगितलेल्या मर्यादेंतच ठेवावा. लाखेच्या जुन्या तबकड्यांसाठीं बारीक सुई मुळींच वापरूं नये. त्यांची खांच रुंद असते आणि तिला रुंद टोंकाची सुई लागते. शिवाय या जातीच्या बहुतेक यंत्रांना ७८ ची गति नसते.

शेवटीं थाळा थांबलेला ठेवून सुई तबकडीवर टेकवावी, आवाज नेहमींइतका ठेवावा, आणि फळीवर बोटानें टिचकी मारावी. ध्वनिक्षेपकांतून ठोका ऐकूं आला, तर चौकट कोठें तरी पेटीला टेकली आहे. पुन्हा नटांकडे वळावें. कांहींच ऐकूं आलें नाहीं, तर रात्रीच्या मालगाडीची वाट पाहावी, आणि ती जात असतांना तसेंच कान देऊन बसावें.