सांडपाण्याची वाट, हवेची वाट

घराच्या नियोजनात पाणी आत कसे येणार याचा विचार सर्वप्रथम होतो. ते बाहेर कसे जाणार हा प्रश्न बहुधा गवंड्यावर सोपविला जातो. बंगळुरूने या दुर्लक्षाची किंमत मोजली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरासाठी कावेरीचे पाणी जवळजवळ १०० किलोमीटरवरून टप्प्याटप्प्याने उपसावे लागते. वापरलेले पाणी मात्र वृषभावती, कोरमंगला-चल्लघट्ट आणि हेब्बाळ या खोऱ्यांतून उतारानेच निघते. एवढ्या खर्चाने चढविलेले पाणी प्रक्रियेविना उतरत राहिल्याने बेल्लंदूर तलावावर फेस दाटला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे आगही भडकली. त्याच खोऱ्यातील प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून कोलारच्या तलावांत सोडले जाऊ लागले.

या साखळीचा प्रारंभ प्रत्येक घरातील नहाणी ट्रॅपपासून होतो. वाकविलेल्या नळीत सुमारे ५० मिलिमीटर खोलीचे पाणी साचून राहते आणि मैलागटारातील वायू त्यापाशीच अडतो. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये लंडनमध्ये एकस्व घेतलेल्या शौचकूपात ही युक्ती होती. परंतु वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोट उतरला की त्याच्या मागे हवेचा दाब घटतो. बाहेरून हवा मिळाली नाही, तर ट्रॅपमधील पाणीच ओढले जाते. यासाठी छताच्या वर नेलेला व्हेंट पाइप असतो. त्यास केवळ वास घालविण्याची नळी समजणे, हा अर्धाच अर्थ होय.

अतिशीत प्रदेशात हेच गणित अवघड होते. नळीतून वर येणारी उबदार, दमट हवा तोंडाशी गोठते आणि हिमाचा थर वाट बुजवितो. म्हणून तेथे छताबाहेर नळीचा व्यास वाढवितात व तिचा उघडा भाग शक्य तितका आखूड ठेवतात. सांडपाण्याची नळी जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली, अखंड उतारात टाकावी लागते. तुंबलेल्या ठिकाणी प्रथम बर्फ धरतो. लडाखच्या पारंपरिक घरांनी पाण्यालाच फाटा दिला: वरच्या मजल्यावर शौचस्थान, मैल्यावर माती, खाली खत. सियाचीनसारख्या ठिकाणांसाठी संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या ग्वाल्हेर आणि तेजपूर येथील प्रयोगशाळांनी थंडीत टिकणाऱ्या जिवाणूंची जैवपाचक टाकी विकसित केली. तीच कल्पना पुढे रेल्वेच्या डब्यांत आली.

बंगळुरूत बर्फ नाही, म्हणून हवेची वाट गौण ठरत नाही. मोठ्या निवासी संकुलांची मैलाशुद्धीकरण केंद्रे अनेकदा तळघरात असतात. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. अल्प प्रमाणात त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढताच घ्राणशक्तीच बधिर होते. धोक्याची सूचना नेमकी हवी तेव्हा मिळत नाही. अशा टाक्यांत उतरलेल्या कामगारांचे मृत्यू या शहरातही झाले आहेत. नकाशात दोन-चार नळ्या वाचविण्याचा हिशेब येथे फारच महाग पडतो.

कोलार सुवर्णखाण परिसरात जन्मलेल्या बेजवाडा विल्सन यांना हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या कार्यासाठी २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारात उतरविण्यास बंदी केली. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली.