बियाण्याच्या पोत्यावरचा कावळा

इंग्लंडच्या जुन्या राजेशाहीची चित्रं म्हटली की आपली नजर आधी मुकुटाकडे जाते. आज मात्र मी तुम्हाला पानाच्या खालच्या समासात बघायला सांगणार आहे.

पुस्तक आहे ‘लट्रेल सॉल्टर’. बायबलमधली स्तोत्रं, लॅटिनमध्ये, चर्मपत्रावर हातानं लिहिलेली. लिंकनशर परगण्यातल्या अर्नहॅमचे जमीनदार सर जेफ्री लट्रेल यांनी ते साधारण १३२५ ते १३४० च्या दरम्यान करवून घेतलं. गादीवर प्लँटॅजेनेट घराणं होतं. १३२७ मध्ये दुसऱ्या एडवर्डला पदच्युत करून त्याच्या मुलाला, तिसऱ्या एडवर्डला, राजा केलं. आज ही पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

यातलं एक चित्र खुद्द मालकाचं आहे. सर जेफ्री चिलखत घालून घोड्यावर बसलेत, पत्नी शिरस्त्राण देतेय, सून ढाल घेऊन उभी आहे. देखणं आहे, पण तिथे फार थांबू नका. खरा ऐवज त्याच्या आधीच्या पानांवर, ओळींच्या खाली आहे.

तिथे शेतीचं सगळं वर्ष पानामागून पान उलगडत जातं. आधी चार बैलांचा नांगर. पान उलटलं की पेरणी: माणूस मूठमूठ बी फोकत चाललाय, मागे पोत्यावर बसून एक कावळा खुशाल दाणे खातोय आणि दुसऱ्याच्या मागे कुत्रा धावतोय. पुढच्या पानावर दंताळं ओढणारा घोडा, त्याच्यामागे गोफण फिरवून पाखरं हाकणारा माणूस. मग ढेकळं फोडणं, मग निंदणी.

त्या कावळ्यापाशी जरा थांबा. त्या काळी इंग्लंडमध्ये एक माप गहू पेरला तर चारेक मापं हाती यायची, आणि त्यातलं एक पुन्हा बियाण्यासाठी राखावं लागायचं. १३१५ ते १३१७ या वर्षांत अतिवृष्टीनं पिकं बुडून भीषण दुष्काळ पडला होता. त्याला फार काळ लोटला नव्हता. कावळा खातोय ती पुढच्या वर्षाची भाकरी. गोफण कशासाठी फिरतेय, हे मग कुणी सांगावं लागत नाही.

कापणीच्या पानावर बायका विळा घेऊन वाकल्यात. त्यांच्यातली एक मात्र सरळ उभी राहून पाठ ताणतेय. मला हे अख्ख्या पोथीतलं सर्वांत मोठं चित्र वाटतं. चित्रकाराला फक्त कापणी दाखवायची असती तर वाकलेल्या बायका पुरल्या असत्या. पण त्यानं शेतातलं दुखणं पाहिलं होतं, आणि ते एका रेषेत पकडलं.

आता थोडी शंकाही घ्या. या माणसांचे कपडे बघा: निळे, लाल, स्वच्छ. चिखलात राबणाऱ्यांचे असे असतील? पोथी जमीनदाराची आहे, आणि आपली माणसं मुकाट्यानं राबताहेत हे बघायला त्याला आवडणारच. चित्रातले हात खरे मानावेत, रंग मालकाच्या खुशीचे.

कापणीनंतर पेंढ्यांनी लादलेली गाडी येते. चढणीवर घोडे ओढताहेत, मागून माणसं रेटा देताहेत. काही पानांनंतर स्वयंपाकघर लागतं, तिथून ताटं हातोहात जातात आणि सर जेफ्रींच्या मेजावर पोचतात. चित्रं बघाल तेव्हा ही गाडी आणि ते मेज शेजारी शेजारी ठेवून बघा.