पाण्याचें कर्ज व दोन वह्या

(गांवच्या चावडीपुढें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आम्ही पडलों शाळामास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस व्याजाचें गणित शिकविलें. रामानें गोविंदास शंभर रुपये दिले, दर अमुक, मुदत अमुक, तर रास किती? राशीचा आंकडा जमला कीं मार्क पूर्ण. गोविंदाच्या शेताचें पुढें काय झालें हें त्या पुस्तकांत नव्हतें. तें आम्ही घरीं शिकलों. आमच्या आज्याची चार एकर जमीन विहिरीसकट सावकाराकडे गेली, तेव्हांही राशीचा आंकडा बरोबरच होता. म्हणून कर्ज हा शब्द निघाला कीं तुमच्याप्रमाणेंच आमच्याही पोटांत गोळा उठतो.

आजच्या सभेचें कारण सर्वांस ठाऊक आहे. शेजारच्या शहराची म्युनिसिपालिटी कर्ज काढून आपल्या शिवेवरच्या तलावांतून नळ नेणार. गेले पंधरा दिवस गांवांत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, कर्ज त्यांचें, बुडतील तर ते बुडतील, आपणांस काय? दुसरा म्हणतो, थेंबभर पाणी देऊं नये, नळ आला कीं फोडावा. आम्हांस हीं दोन्ही मतें पटत नाहींत. शहरांत आपल्याच लेकी दिल्या आहेत, आपलींच पोरें तेथें खोल्या घेऊन शिकतात. त्यांच्या हंड्यांत पाणी नको असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आधीं कर्जाविषयीं. लग्नाचें कर्ज आणि विहिरीचें कर्ज एका मापानें मोजूं नये. १८८३ च्या कायद्यानें शेतकऱ्यास जमीन सुधारण्यासाठीं तगाई मिळे. त्या पैशानें ज्यानें विहीर खोदली व जिला पाणी लागलें, त्याचें कर्ज उसानें फेडलें. ज्यानें त्याच पैशांत मुलीचें लग्न उरकलें, त्याचें कर्ज कशानें फिटलें हें सांगावयास नको. शहराचेंही तसेंच. टाकी, गाळणी, नळ यांचें काम एकदां झालें कीं कित्येक वर्षें चालतें. तो सारा खर्च एकाच सालच्या पट्टींतून काढावयाचा म्हटला तर कोणत्याच म्युनिसिपालिटीच्यानें नळ घालवणार नाहीं. जो नातू तें पाणी पिणार, त्यानेंही आपला वांटा भरावा, यांत अन्याय नाहीं. स्थानिक संस्थांनीं सरकारच्या परवानगीनें कर्ज काढावें यासाठीं १९१४ चा कायदाच आहे. अहमदाबादेनें १९९८ सालीं राज्य सरकारची हमी न घेतां १०० कोटींचे रोखे काढले, ते पाणी व गटारें यांसाठींच. पुण्यानें जून २०१७ मध्यें चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठीं २०० कोटींचे रोखे विकले. मुदत १० वर्षें, व्याज शेंकडा ७.५९. रोखा म्हणजे शहरानें लिहून दिलेली चिठ्ठी. तिच्या पाठीमागें उभी असते ती लोकांनीं भरावयाची पट्टी.

हें पुण्याचें गणित आम्हीं सातवीच्या वर्गांत फळ्यावर घातलें. २०० कोटींवर वर्षाचें व्याज १५ कोटी १८ लाख. दिवसाचें सुमारें ४ लाख १६ हजार. एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, नळ घातला नसला तरी व्याज चढतें का?" आम्हीं म्हटलें, बाळ, व्याजास रविवारची सुटी नसते. एवढ्या कर्जावर एक महिना जरी खोदलेला रस्ता तसाच पडून राहिला, तरी सव्वा कोट रुपये पाण्याचा थेंब न येतां गेले. कंत्राटदार लांबवितो, अधिकारी बदलतो, नवा मनुष्य फाईल पहिल्यापासून वाचतो. व्याज मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. त्या मुलीस जें कळलें, तें पुष्कळ सभासदांस कळत नाहीं.

पण एवढेंच सांगावयाचें असतें तर आम्ही येथें उभे राहिलों नसतों. आपलें गांव पाणी पिणाऱ्याच्या बाजूस नाहीं, पाणी जाणाऱ्याच्या बाजूस आहे. आणि अशा गांवांचें काय होतें याची एक मोठी हकीकत आहे, ती अमेरिकेंतली.

कॅलिफोर्निया प्रांतांत लॉस एंजेलिस हें शहर. १९०० सालीं तेथें लाखभर वस्ती होती. दहा वर्षांत ती तीन लाखांवर गेली. जवळची नदी लहान. पाण्याच्या खात्याचा मुख्य इंजिनियर विल्यम मुल्होलंड हा आयर्लंडांतून आलेला. शहराचे पाट साफ करणारा पाटकरी म्हणून कामास लागला आणि स्वतः पुस्तकें वाचून त्या पदास चढला. (आपल्या पोरांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.) उत्तरेस ओवेन्स नदीचें खोरें आहे. तेथून पंपाशिवाय, नुसत्या उतारानें पाणी शहरापर्यंत येतें, हें त्याच्या व फ्रेड ईटन या माजी मेयरच्या ध्यानांत आलें. शहरच्या लोकांनीं मतें देऊन १९०५ सालीं १५ लाख डॉलरांचें आणि १९०७ सालीं २ कोटी ३० लाख डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. दुसऱ्या वेळीं विरुद्ध एक मत तर बाजूनें सुमारें दहा. पाट, बोगदे व लोखंडी नळ मिळून २३३ मैलांचें काम झालें, म्हणजे मुंबई-पुण्याच्या अंतराच्या दुपटीहून अधिक. ५ नोव्हेंबर १९१३ रोजीं पाणी आलें, तेव्हां हजारों माणसें तें पाहावयास लोटलीं. शहर वाढलें, जगांत गाजलें. कर्जानें पाणी आणावें तें असें, म्हणून त्याचा दाखला देतात.

ही शहराची वही. खोऱ्याची वही निराळी आहे. तेथील शेतकऱ्यांस वाटत होतें कीं, आपल्याकडे सरकारी पाटबंधाऱ्याचें काम येणार. ईटन फिरून जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेत होता. तो कोणासाठीं घेतो हें पुष्कळ विकणारांस कळलें तेव्हां वेळ निघून गेली होती. इकडे शहरालगतच्या सॅन फर्नांडो खोऱ्यांतली कोरडी जमीन कांहीं धनिकांनीं आधींच स्वस्तांत घेऊन ठेविली होती. त्यांत शहरच्या एका मोठ्या वर्तमानपत्राचे मालक होते, आणि तेंच वर्तमानपत्र कर्जास मत द्या म्हणून लोकांस सांगत होतें! आलेलें पाणी प्रथम शहराच्या गरजेहून अधिक होतें. तें या जमिनींस मिळालें आणि मातीचें सोनें झालें. कर्ज साऱ्यांनीं फेडावयाचें, वाढलेली किंमत मूठभरांनीं घ्यावयाची.

ओवेन्स खोऱ्यांत पाणी आटूं लागलें. १९२४ च्या मे महिन्यांत तेथें पाटास सुरुंग लागला. नोव्हेंबरांत शेतकऱ्यांनीं दरवाजे ताब्यांत घेऊन पाणी पुन्हां नदींत सोडलें आणि बायकामुलांसह चार दिवस तेथें ठाण मांडलें. १९२७ सालीं लढ्याच्या पुढाऱ्यांची पेढी बुडाली. शेतकऱ्यांच्या ठेवी गेल्या, लढाही मोडला. नदी ज्या सरोवरास मिळे तें सुकून त्याची धूळ उडूं लागली. ती धूळ बसविण्यासाठीं त्याच शहरास अलीकडच्या काळांत २०० कोटी डॉलरांहून अधिक खर्च करावा लागला आहे. मूळ कर्ज दोन्ही मिळून अडीच कोटींच्या आंतलें. त्या वेळचा डॉलर वजनदार होता हें खरें. तरी हा रकाना मूळच्या वहींत कोणींच आंखला नव्हता. नळ फोडावा म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनीं सुरुंगाचें काय झालें तेंही पाहावें. पाणी गेलें तें गेलेंच, कारण कागद आधीं झाले होते.

आपल्या ठाणें जिल्ह्यांत शहापूर तालुका आहे. तेथल्या तानसा, भातसा वगैरे तलावांवर मुंबईची तहान भागते, आणि त्याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. त्या पाड्यांतल्या बायकांस ओवेन्स खोऱ्याची गोष्ट वेगळी सांगावयास नको.

तर प्रश्न असा कीं, सर्वांच्या पैशानें आलेलें पाणी कोणाचें? हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९२३ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं ठराव पास करून घेतला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य वर्गांस खुल्या असाव्या. महाड म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं त्याप्रमाणें ठराव केला. पण ठराव दप्तरांत आणि पाणी तळ्यांत. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले तेव्हां तें पाणी ओंजळींत आलें, आणि त्यापुढेंही कोर्टाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. बोले यांनीं मधल्या काळांत, १९२६ सालीं, दुसरा ठराव आणला: जी संस्था पहिला ठराव अंमलांत आणणार नाहीं तिला सरकारनें ग्रँट देऊं नये. आम्हांस ह्या दुसऱ्या ठरावाचें मोल अधिक वाटतें. पैसा हातीं पडण्यापूर्वीं घातलेली अट आणि पैसा खर्च झाल्यावर केलेली विनवणी, यांत फार अंतर आहे.

आपली वेळ आतां आहे. कर्जाची परवानगी अद्याप यावयाची आहे. ती येण्यापूर्वीं आपला अर्ज म्युनिसिपालिटीकडे, कलेक्टरसाहेबांकडे व मंत्रालयांत जावा. उन्हाळ्यांत तलावांत अमुक खुणेपर्यंत पाणी राखून ठेवावें, म्हणजे सांडव्याखालच्या आपल्या विहिरी सुकणार नाहींत; ती खूण दगडावर कोरावी, तोंडी नको. नळ ज्या गांवांतून जाईल त्यांस याच कर्जांतून तोट्या मिळाव्या, आणि काम टोकाच्या वस्तीपासून सुरू व्हावें. महारवाडा, मांगवाडा, धनगरवाडा हीं नेहमीं नळाच्या शेवटास कां असतात आणि शेवटच्या तोटीस दाब कां उरत नाहीं, हें आम्हीं अनेकदां विचारलें. उत्तर देणारा दर वेळीं नवा असतो. तिसरें, कर्जापैकीं किती उचललें, व्याज किती गेलें, नळ किती पुढें सरकला, याचा हिशेब दर सहा महिन्यांनीं मराठींत या चावडीवर लागावा. आणि शहराबाहेरच्या माळाची जमीन गेल्या दोन वर्षांत कोणीं कोणीं घेतली, त्याचे सातबाराचे उतारे काढावे. आम्ही कोणावर आळ घेत नाहीं. उतारा काढल्यानें साव माणसाचें कांहीं बिघडत नाहीं.

अर्ज लिहून आणला आहे. आतां सावकाश वाचून दाखवितों. चूक दिसेल तेथें थांबवावें. सह्या बायकांच्या आधीं घ्याव्या, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. ज्यांस सही येत नाहीं त्यांनीं अंगठा उठवावा. शाई आमच्याजवळ आहे.