प्रभाकर कंदिलाच्या गावात



कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात, त्या प्रीतिसंगमाच्या कराड नगरीत प्रौढ शिक्षणाच्या परिषदेला आलेल्या आपल्या सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मी मनापासून स्वागत करतो. 1975 साली याच गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. त्या गावात आज त्याच स्वागताध्यक्षपदावरून बोलायचे, याचे दडपण सकाळपासून मनावर आहे.

आमचे गाव जुने. महाभारताच्या सभापर्वात करहाटकाचे, म्हणजे कराडचे, नाव येते. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याची राणी चंद्रलेखा इथल्या शिलाहारांची लेक. आगाशिवाची लेणी, नकट्या रावळाची विहीर, मनोरे, हे सारे आपण सवडीने पाहावे. पण मला आपल्याला न्यायचे आहे ते स्टेशनाकडे, ओगलेवाडीला.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी औंध संस्थानच्या हद्दीतल्या त्या माळावर ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभा केला. घरोघरी परदेशी कंदील लटकत असण्याचा तो काळ. ओगल्यांनी स्वदेशी कंदील काढला आणि त्याला वडिलांचे नाव दिले, प्रभाकर. प्रभाकर कंदील महाराष्ट्रात माहीत नाही असे एकही खेडे नव्हते. दिवेलागणीच्या आधी काच काढायची, चुलीतल्या राखेने आणि फडक्याने लख्ख पुसायची, वात कातरायची, मग काडी ओढायची. हे काम आमच्या घरी माझ्याकडे असे. काच तडकली तर मार बसे, कारण नवी काच आठवड्याच्या बाजाराशिवाय मिळत नसे. कारखाना केव्हाच बंद पडला. आजच्या मुलांना ओगलेवाडी म्हणजे फक्त रेल्वे स्टेशन वाटते, याचे मला फार दुःख आहे. ओगले बंधूंचे साजेसे स्मारक अजून झालेले नाही, हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट बोलतो.

आपण म्हणाल, प्रौढांच्या शिक्षणाशी कंदिलाचा काय संबंध? तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काही काळ याच ओगल्यांच्या कारखान्यासाठी काम केले. आणि 1919 साली त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, ती आमच्याच तालुक्यातल्या काले गावी.

1959 साली सातारा जिल्ह्यात प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मी तेव्हा लहान होतो. रात्री देवळात वर्ग भरे. मधोमध कंदील, भोवती दिवसभर शेतात राबलेली माणसे. माझी चुलती पाटीवरची पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरायची. गुरुजी तिची बोटे सोडवून पुन्हा नीट बसवायचे. स्वतःचे नाव काढायला तिला पंधरा दिवस लागले. पुढे सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर शिक्क्याची शाई समोर आली, तेव्हा तिने अंगठा मागे घेतला आणि म्हणाली, "पेन द्या."

आज प्रश्न नावाच्या सहीचा उरलेला नाही. माझे छोटे वर्कशॉप आहे. तिथला एक कारागीर वीस वर्षे लेथवर होता. हात असा बसलेला, की व्हर्निअर लावण्याआधीच माप सांगायचा. संगणकावर चालणारे सीएनसी मशीन आले आणि हा माणूस गप्प गप्प राहू लागला. चाळिशी उलटलेली, पोरगा बारावीला. पोराच्याच वहीत रात्री बसून त्याने प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. आठ महिने लागले. आज ते मशीन तोच चालवतो, पगारही वाढला. पण त्याने जे सोसले, ते त्याच्यासाठी संध्याकाळचा एखादा वर्ग असता तर सोसावे लागले नसते. कामाची पाळी चारला सुटते की आठला, हे न पाहता वेळापत्रके आखली जातात आणि पुस्तके इंग्रजीत हातात पडतात.

यशवंतरावांची समाधी इथे संगमावर आहे. त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला स्थापन झाले आणि शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमाने पदवीची वाट खुली केली. कराडकरांना याहून मोठे समाधान नाही.

आता व्यवस्थेबद्दल. प्रतिनिधी अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले. त्यामुळे काहींची सोय शाळेच्या वर्गांत, सतरंज्यांवर करावी लागली. सकाळी अंघोळीचे गरम पाणी सर्वांना पुरले नाही. कोल्हापूर नाक्याला वाहतूक तुंबल्याने काही पाहुण्यांना स्टँडवर तासभर थांबावे लागले. त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. रात्रीपर्यंत गरम पाण्याचे आणखी दोन बंब लागतील, असा शब्द देतो. काही उणे वाटले तर स्वयंसेवकांवर रागावू नका, मला सांगा.

मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर करहाकट, म्हणजे आपल्याच कराड, नगराचे दान कोरलेले आहे. दोन हजार वर्षांची ती रीत गावाने याही वेळी राखली. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी धान्य आणि गूळ दिला. मंडपवाल्यांनी अर्धेच भाडे घेतले. बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून भाकरी थापत आहेत. शाळेने बाके दिली, डॉक्टर मंडळींनी औषधाची पेटी दिली आणि एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी महिन्याचे निवृत्तिवेतन पाकिटात घालून आणून दिले, नाव जाहीर करू नका या अटीवर. या साऱ्यांचा मी ऋणी आहे.

परिषदेच्या ठरावांत आमच्या गावाची एक मागणी आवर्जून घालावी: काम करणाऱ्या माणसासाठीचा प्रत्येक वर्ग संध्याकाळी पाळी सुटल्यावर भरावा, आणि तो मराठीत भरावा.