हेतू आणि हेत्वाभास



आज मी आपल्यापुढे एका लहानशा शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'म्हणून'. "पूर्वापार चालत आले आहे, म्हणून पाळले पाहिजे." "नवस केला, म्हणून पोर वाचले." "अमक्याची मुलगी शिकून बिघडली, म्हणून आपल्या मुलीस शाळेतून काढावे." अशी वाक्ये आपण घरी, पाणवठ्यावर, बाजारात रोज ऐकतो आणि स्वतःही बोलतो. 'म्हणून' या शब्दाच्या अलीकडे कारण असते आणि पलीकडे निष्कर्ष. त्या दोहोंचा खरोखरच संबंध आहे काय, हे पाहण्याची सवय आपणांस कोणी लावली नाही. ती आता आपणच लावून घेतली पाहिजे.

जे कारणासारखे दिसते पण कारण नसते, त्यास आपल्या शास्त्रकारांनी 'हेत्वाभास' असे नाव दिले आहे. बौद्ध आचार्यांनी या विषयाचा फार खोल विचार केला. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले आचार्य दिङ्नाग यांनी खऱ्या हेतूची तीन लक्षणे सांगितली, व पुढे धर्मकीर्तींनी त्यांचा विस्तार केला. साध्या भाषेत ती तीन प्रश्नांत मांडता येतील. सांगितलेले कारण मुळात तेथे आहे काय? ते कारण असलेल्या दुसऱ्या ठिकाणीही तोच निष्कर्ष दिसतो काय? आणि जेथे तो निष्कर्ष लागू नाही, तेथेही ते कारण आढळते काय? डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे विस्तव असलाच पाहिजे. चुलीपाशी धूर आणि विस्तव एकत्र दिसतात, तळ्यात विस्तव नाही आणि धूरही नाही. परंतु पहाटेच्या धुक्यास जो धूर समजला, त्याचा पहिल्याच प्रश्नात पराभव झाला.

आता हे प्रश्न रूढीच्या युक्तिवादास लावून पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशी अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. म्हणजे कारण मुळातच तेथे नव्हते. आणि क्षणभर धरून चालू की वहिवाट खरोखर जुनी होती. तेवढ्याने ती न्याय्य ठरली असती काय? सतीची चालही जुनीच होती. १८२९ साली बंगाल इलाख्यात ती कायद्याने बंद झाली. जे जुने ते सारेच पाळण्याजोगे नसते. तेव्हा जुनेपणा हा पाळण्याचा हेतू होऊ शकत नाही. तेविज्ज सुत्तात भगवंतांनी अशा परंपरेस एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा दिली आहे. पुढच्यास दिसत नाही, मधल्यास दिसत नाही आणि मागच्यासही दिसत नाही.

महाडलाच दुसरा हेत्वाभासही दिसला. आपले लोक पाण्यासाठी गेले होते. गावात आवई उठवली गेली की आता ते वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. तळ्याच्या प्रश्नास उत्तर देण्याऐवजी मंदिराचा प्रश्न उभा केला, आणि त्या न केलेल्या गोष्टीसाठी परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण झाली. आपण एक बोलावे आणि समोरच्याने भलतेच खोडून काढावे, हा प्रकार घरच्या वादातही पुष्कळ असतो. अशा वेळी रागावू नये. "मी हे बोललो नाही, मी काय बोललो ते पुन्हा सांगतो," एवढेच म्हणावे.

आता नवसाकडे वळू. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणजे ती पहिलीमुळेच घडली असे होत नाही. ज्यांनी नवस केला नाही त्यांचीही मुले तापातून उठतात, आणि नवस करूनही काही मुले दगावतात. ज्या रोगास आपल्याकडे देवी म्हणत, त्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. ते लस टोचल्याने आणि गावोगाव रोगी शोधून काढल्याने झाले. नवस तर त्यापूर्वीही पिढ्यान् पिढ्या होतच होते.

एका हेत्वाभासाने तर आपले हक्कच अडवून धरले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडला गेला होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर असा युक्तिवाद करण्यात येई की, बौद्ध धम्मात अस्पृश्यता नाही, म्हणून बौद्ध झालेल्यास सवलतींची गरज नाही. वरवर पाहता हे पटण्यासारखे वाटते. परंतु विचारा: अस्पृश्यता पाळतो कोण? ती सोसणाऱ्याने धर्म बदलला. पाळणाऱ्याने मन बदलले काय? विहीर तीच, गाव तेच, शेजारी तेच. प्रश्न पाळणाऱ्याचा होता आणि उत्तर सोसणाऱ्याच्या धर्मात शोधले गेले. १९९० साली बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला. एक खोटा 'म्हणून' दूर व्हावयास तीन दशकांहून अधिक काळ लागला!

परंतु बंधु-भगिनींनो, दुसऱ्याचे हेत्वाभास शोधणे सोपे असते. आपल्या घरात काय चालते? कोणी शंका काढली की, "बाबासाहेबांनी सांगितले आहे, आता बोलू नका," असे म्हणून आपण त्याचे तोंड बंद करतो. स्वतः बाबासाहेबांची रीत अशी नव्हती. लाहोरचे जे भाषण होऊ शकले नाही व १९३६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, त्यात जातिभेद म्हणजे श्रमविभागणी या समर्थनास त्यांनी अधिकाराने दडपले नाही. ती श्रमिकांचीही विभागणी आहे, हे कारणांनी दाखवून दिले. भगवंतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना जो उपदेश केला, त्यात परंपरा आणि ग्रंथ यांच्याबरोबरच 'हा श्रमण आमचा गुरू आहे' एवढ्याच कारणाने काही मानू नये, असेही सांगितले आहे. तेव्हा "तो आपला माणूस, म्हणून खरे" आणि "तो परका, म्हणून खोटे" हे दोन्ही 'म्हणून' आपण सारखेच तपासले पाहिजेत. धर्मांतर करून जुनी पोथी खाली ठेवली आणि न विचारता मानण्याची जुनी सवय तशीच राहिली, तर आपण काय बदलले?

आणखी एक सावधगिरी सांगतो. एखाद्याचे कारण खोटे ठरले, म्हणजे त्याचा निष्कर्षही खोटाच, असे समजू नका. चांगल्या गोष्टीचेही समर्थन कोणी चुकीचे करतो. तेथे आपण योग्य कारण शोधावे. आणि घरातील वृद्ध मातेने नवस बोलला तर तिची टवाळी करू नका. तिची माया खरी आहे. फक्त कारण चुकले आहे. तिला आणि नातवाला घेऊन दवाखान्यात जा, आणि मग शांतपणे बोला.

आजपासून एक करा. रात्री जेवणानंतर मुलांना विचारा, "आज तुम्ही कोणता 'म्हणून' ऐकलात?" मुलीलाही विचारा, आणि तिने तुमचाच 'म्हणून' खोटा ठरवला तर तो हसतमुखाने मान्य करा. ज्या घरात लेकराने कारण विचारलेले चालते, त्या घरात धम्म राहावयास आला असे मी समजेन.

जय भीम.