विजापूरची सहल आणि सहलीचा हिशोब

मोडनिंबहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. कर्जाचे हप्ते, शेळीपालन, शेवयांचं मशीन यावर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळं सांगणार आहोत. संक्रांत झाल्यावर आमच्या गटांतल्या 36 जणी एका दिवसात विजापूर बघून आलो, त्याची ही हकिगत.

सहल म्हटलं की आपल्याकडं देवदर्शन. पंढरपूर तर आम्हाला हाकेच्या अंतरावर. अक्कलकोट, तुळजापूर झालेलं. या वेळी विजापूरचं नाव निघालं, तशी बैठकीत कुजबूज सुरू झाली. एक मावशी म्हणाल्या, "थडगी काय बघायची पैसे मोडून?" दुसरीनं विचारलं, "अफझलखान तिथलाच ना? मग आपण का जायचं?" प्रश्न खोटा नव्हता. 1659 साली अफझलखान विजापूरच्या दरबारातूनच निघाला होता. पण शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे त्याच दरबारात मोठे सरदार होते, हेही खरंच. शाळेत ज्या आदिलशाहीचं नाव घोकलं ती होती तरी कशी, हे एकदा डोळ्यांनी बघू, असं शेवटी ठरलं.

एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. विजापूर कर्नाटकात. म्हणून गाडी ठरवली आणि दर बाईमागं 700 रुपये काढले. कुणी अंडी विकून जमवले, कुणी खुरपणीच्या रोजातून बाजूला ठेवले.

पहाटे पाचला निघालो. भीमेचा पूल ओलांडून पंढरपूर, तिथून मंगळवेढा. मंगळवेढ्यात दामाजीपंतांच्या देवळात थांबलो. दुष्काळात सरकारी कोठारं उघडून लोकांना धान्य वाटणारे दामाजी. कान्होपात्रा याच गावची. चोखोबांचा शेवटही इथंच झाला, गावकुसाची भिंत बांधताना. एक आजी पायरीवर बसून म्हणाल्या, "भिंत बांधणाऱ्याला भिंतीच्या बाहेर ठेवलं बघा." पुढं कुणी काही बोललं नाही.

मंगळवेढ्याच्या पुढं दोन्ही अंगाला ज्वारी निसवलेली. पुढं कानडी पाट्या लागल्या. नऊच्या सुमारास विजापूर. 2014 पासून सरकारी कागदात त्याचं नाव विजयपूर झालंय.

गोलघुमट लांबूनच दिसतो. मोहम्मद आदिलशहाची ही कबर. त्यानं 1627 ते 1656 राज्य केलं. आत गेलो आणि माना वरच राहिल्या. एवढ्या मोठ्या दालनात मधे एकही खांब नाही. दालनाची एकेक बाजू सुमारे 135 फूट, आणि वरच्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 144 फूट. मग हे पेललंय कशावर? रांगोळीत आपण एक चौकोन काढतो, त्यावर दुसरा तिरका काढतो, की आठ टोकांची चांदणी होते. तशाच एकमेकींत अडकलेल्या कमानी वर आहेत. त्या घुमटाचा भार वाटून घेतात आणि जाड भिंतींवर उतरवतात. एका कमानीचं काम नाही ते, सगळ्या मिळून धरतात. आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे आपला गटच की!"

घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. कोपऱ्यांत सात मजल्यांचे मनोरे आहेत, त्यातल्या अरुंद, उंच पायऱ्यांनी वर जावं लागतं. इथं आमची पहिली चूक बाहेर आली. चौथ्या मजल्याला एका वहिनींना घेरी आली. खाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं. विचारलं तर म्हणाल्या, पहाटेपासून पाण्याचा घोट नाही. का? तर गाडीत लघवीला लागली तर कुठं जायचं! विचारत गेलो तर निम्म्याहून जास्त बायांनी तेच केलेलं. नाष्टा कुठं करायचा ते आम्ही ठरवलं होतं, पण बायांनी मोकळं कुठं व्हायचं याचा विचारच केला नव्हता. गाडी ठरवणाऱ्या आम्ही बायाच, तरी हे सुचलं नाही.

वहिनींना दोघींजवळ बसवून बाकीच्या वर गेलो. शाळेची पोरं आरडाओरडा करत होती. एक टाळी वाजवली की सात-आठ वेळा परत येते. पोरं उतरून गेल्यावर शांत झालं. इथली खरी गंमत शांततेतच कळते. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं, की ते सव्वाशे फुटांवर समोरच्या बाजूला कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. गोल भिंतीला धरून आवाज सरकत जातो, इकडंतिकडं विखरत नाही.

आम्ही हिशोब ठेवणाऱ्या तिघी एका बाजूला उभ्या होतो. समोरून "ऐकू येतंय का गं?" असं यायचं, आम्ही हसायचो. तेवढ्यात भिंतीतून आलं, "सातशे घेतले, पण गाडीला किती दिले कुणाला ठावं? उरलेले यांच्याच पदराला." समोरच्या दोघी भिंतीशी टेकून आपसात बोलत होत्या. आम्हाला ऐकू जातंय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मैत्रिणींनो, खरं सांगतो, पोटात कालवलं. पहाटे तीनला उठून आम्ही चटण्या-भाकऱ्या बांधल्या, गाडीवाल्याशी घासाघीस केली, आणि हे ऐकायचं! आमच्यातली एक तिथल्या तिथं जाब विचारायला निघाली होती. तिला हाताला धरून थांबवलं.

तिथून इब्राहिम रोजा बघितला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची आणि त्याची राणी ताज सुलताना हिची कबर. गोलघुमट भव्य, तर हा नाजूक. दगडी जाळीत अक्षरं कोरलीत, आणि त्या अक्षरांतूनच उजेड आत येतो. या इब्राहिमानं 'किताब-ए-नवरस' हे गाण्यांचं पुस्तक दख्खनी भाषेत लिहिलं, त्यात सरस्वती आणि गणपतीला वंदन आहे. हे सांगितल्यावर सकाळच्या मावशी जाळीजवळ जरा जास्तच वेळ रेंगाळल्या.

मग बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, वजन 55 टनांच्या आसपास. तिचं तोंड जबडा वासलेल्या सिंहाचं. 1632 साली ती आपल्या शेजारच्या परंड्याच्या किल्ल्यावरून इथं आणली. परंड्याचं माहेर असलेली एक जण लगेच म्हणाली, "म्हणजे ही आमच्याकडचीच की!"

शेवटी चांद बावडी. शहरात वस्ती वाढली, पाणी पुरेना, तेव्हा पहिल्या अली आदिलशहानं ही बांधली आणि तिला राणीचं, चांद बिबीचं नाव दिलं. चांद बिबी मूळची अहमदनगरची लेक. 1580 साली नवरा गेल्यावर नऊ वर्षांच्या इब्राहिमाच्या नावानं तिनं विजापूरचा कारभार बघितला. पुढं माहेरी संकट आलं तेव्हा 1595-96 साली अहमदनगरच्या किल्ल्यात उभी राहून मोगलांशी लढली. तटाला खिंडार पडलं, तर रातोरात बुजवून घेतलं. आणि तिचा शेवट? 1600 साली ती मोगलांना फितूर झाली अशी वावडी उठली, आणि तिच्याच लोकांनी तिला मारलं.

बावडीच्या काठावर हे सांगताना आम्हालाच सज्जातली कुजबूज आठवली. कुठं चांद बिबी, कुठं आम्ही! पण एवढं कळलं, की जिथं उघड सांगितलं जात नाही, तिथं कुजबुजीला जागा होते. पैसे घेतले तेव्हा आम्ही पावत्या दिल्या नव्हत्या. गाडी केवढ्याला ठरली तेही बैठकीत वाचलं नव्हतं. "आपल्याच बाया आहेत, सांगायचं काय त्यात," असं आम्ही धरून चाललो. राग बायांवर येत होता, पण खिंडार आमच्याकडून पडलं होतं.

परतताना गाडीतला दिवा लावला आणि वही काढली. जमा 25,200. गाडी 18,500. तिकिटं, पार्किंग 2,300. नाष्टा, चहा, दुपारचा ताकभात 3,250. एकूण खर्च 24,050. शिल्लक 1,150. पावत्या पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत फिरवल्या. सज्जात काय ऐकलं ते कुणाला सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "हे निघायच्या आधी वाचायला हवं होतं, आमचं चुकलं." त्या दोघींपैकी एकीनं पावत्या नीट मोजून बघितल्या आणि विचारलं, "शिल्लक कुणाकडं राहणार?" आम्ही म्हणालो, "तुमच्याकडं ठेवा, पुढच्या बैठकीत जमा करा." तिनं पदराला गाठ मारली. पुढच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी तीच आली, 1,150 रुपये घेऊन. आता सहलीच्या हिशोबाची वही तिच्याकडं आहे.

तुमचा गट जाणार असेल, तर आमच्या अनुभवाचं एवढं ध्यानात ठेवा. गोलघुमटाला सकाळी लवकर पोचा, गर्दीत कुजबूज ऐकू येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या चढायचा हट्ट करू नये, खालचं दालन बघूनही मन भरतं. गाडी कुठं-कुठं थांबणार आणि तिथं बायांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे आधी विचारून कागदावर लिहा आणि सगळ्यांना वाचून दाखवा, म्हणजे कुणी तहानलेली राहणार नाही. आणि हिशोब निघायच्या आधी एकदा, परतल्यावर एकदा, मोठ्यानं वाचा.