नकाराचे क्रमांक

१९९५ साली वेबच्या कारागिरांच्या हाती दोन गोष्टी आल्या. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लर्डॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी लिहिलेली छोटी अवजारं त्या वर्षी सर्वांसाठी खुली केली. तीच पुढे पीएचपी झाली. त्याच वर्षी डेव्हिड अ‍ॅक्समार्क, अ‍ॅलन लार्सन आणि मायकेल विडेनियस यांच्या स्वीडनमधल्या कंपनीतून मायएसक्यूएल बाहेर पडलं. विडेनियस यांच्या मुलीचं नाव 'मी' (रोमन लिपीत My), तेच या डेटाबेसला मिळालं. पुढे कित्येक वर्षं ही जोडी एकाच यंत्रावर सुखानं नांदली. स्क्रिप्टमध्ये जोडणीची एक ओळ लिहायची, होस्टच्या जागी 'लोकलहोस्ट' टाकायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा, की पान माहितीनं भरून यायचं.

आजचा विषय त्याच ओळीचा आहे, पण डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर गेल्यानंतरचा. तो हलवण्याची कारणं रास्त असतात. वेब सर्व्हर सगळ्या जगासमोर उघडा असतो, त्याच्याच शेजारी सभासदांची माहिती ठेवणं बरं नाही. वाचक वाढले की दोन वेब सर्व्हर लागतात आणि दोघांना एकच डेटाबेस हवा असतो. म्हणून डेटाबेस हलवला जातो, 'लोकलहोस्ट'च्या जागी नवा पत्ता लिहिला जातो आणि पान उघडत नाही.

इथे एक बारीक गोष्ट पाहण्याजोगी आहे. लिनक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिलं की मायएसक्यूएलचा क्लायंट नेटवर्कच्या वाटेला जातच नाही. तो डिस्कवरच्या एका सॉकेट फाइलमधून थेट सर्व्हरशी बोलतो. 'लोकलहोस्ट'ऐवजी १२७.०.०.१ लिहिलं तर मात्र यंत्र तेच राहतं, पण बोलणं टीसीपीच्या मार्गानं, ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवरून होतं. म्हणजे पाच वर्षं बिनतक्रार चाललेल्या स्क्रिप्टनं नेटवर्कचा रस्ता एकदाही पाहिलेला नसतो. स्थलांतराच्या दिवशी एकाच वेळी चार-पाच पहारे तिच्यासमोर येतात आणि प्रत्येक जण आपल्या पद्धतीनं नाही म्हणतो.

या नकारांकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. पडद्यावर लाल अक्षरं दिसली की माणूस ती न वाचताच उपाय शोधायला धावतो. प्रत्यक्षात त्या ओळीच्या शेवटी असलेला आकडा अर्धं निदान करून देतो.

२००३ हा त्रुटीचा क्रमांक घ्या. 'सर्व्हरशी जोडता येत नाही' एवढंच तो सांगतो, पण कंसात आणखी एक संख्या असते. ती १११ असेल तर समोरच्या यंत्रानं ताबडतोब नकार दिला आहे. यंत्र जिवंत आहे, तिथवर रस्ता आहे, पण त्या पत्त्यावर ऐकणारं कोणी नाही. डेबियन आणि उबुंटूवर मायएसक्यूएल बसवलं की त्याची 'बाइंड-अ‍ॅड्रेस' ही नोंद १२७.०.०.१ वर असते, म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःच्याच यंत्रावरची हाक ऐकतो. संख्या ११० असेल तर कथा वेगळी. तिथे कुणी नकारही दिलेला नाही. मधल्या फायरवॉलनं निरोप मुकाट्यानं गिळला आणि वाट पाहून वेळ संपली. पहिल्या प्रकारात उत्तर क्षणात येतं, दुसऱ्यात पान बराच वेळ फिरत राहतं. नुसत्या घड्याळावरूनही दोन्ही ओळखता येतात.

कंसात १३ दिसला की भलेभले चक्रावतात. कारण त्याच वेब सर्व्हरवर बसून कमांड लाइनवरून जोडणी केली तर ती होते. पासवर्ड बरोबर, पत्ता बरोबर, पोर्ट उघडं. फक्त वेबपानातून ती होत नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर हे घडतं आणि त्यामागे एसईलिनक्स असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं, म्हणजे एनएसएनं, २००० साली खुली केलेली ही पहाऱ्याची व्यवस्था वेब सर्व्हरच्या प्रक्रियेला आपणहून बाहेरच्या डेटाबेसकडे जाऊ देत नाही. वेब सर्व्हर एखाद्या हल्लेखोराच्या ताब्यात गेला तर त्याला तिथून पुढे हातपाय पसरता येऊ नयेत, हा हेतू. उपाय एका ओळीचा आहे: 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट डीबी' नावाची परवानगी चालू करायची आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही ती टिकेल असं सांगायचं. पण जागोजागी सल्ला मिळतो तो एसईलिनक्स पूर्ण बंद करण्याचा. तो सल्ला चुकीचा आहे. एका परवानगीसाठी सगळा पहारा उठवण्याचं काहीच कारण नाही.

इथवर पोहोचलं की खुद्द मायएसक्यूएल बोलू लागतं. टीसीपीची जोडणी झाली की पहिला शब्द सर्व्हरचा असतो, क्लायंटचा नव्हे. सर्व्हर आपली आवृत्ती सांगतो आणि वीस बाइटांची एक यादृच्छिक मालिका पाठवतो. क्लायंट पासवर्ड जसाच्या तसा धाडत नाही. ही मालिका आणि पासवर्ड मिळून काढलेलं गणित धाडतो. प्रत्येक वेळी मालिका नवी, त्यामुळे कालचं उत्तर चोरून आज वापरता येत नाही.

पण ही ओळखपरेड सुरू होण्याआधीच हाकललं जाणंही शक्य असतं. मायएसक्यूएलमध्ये खातं नुसत्या नावाचं नसतं. नाव आणि कुठून आलात ते ठिकाण मिळून एक खातं बनतं. सोसायटीच्या गेटवर 'कोण' याबरोबर 'कुठून' हाही रकाना असतो, तसंच. त्या ठिकाणासाठी एकही खातं नसेल तर त्रुटी ११३० येते आणि पासवर्ड विचारलाही जात नाही. १०४५ आली तर ठिकाणाशी जुळणारं काही खातं आहे, पण नाव किंवा पासवर्ड जमत नाही. या १०४५च्या ओळीत सोन्यासारखी माहिती असते: सर्व्हरला तुमचा पत्ता कोणता दिसला, तो तिथे छापलेला असतो. वेब सर्व्हरचा अंतर्गत पत्ता एक आणि राउटरमधून बाहेर पडताना दिसणारा पत्ता दुसरा, हे अनेकांना त्या ओळीमुळेच पहिल्यांदा कळतं.

ठिकाणाच्या या अडचणीवरचा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत घातक उपाय म्हणजे ठिकाणाच्या जागी टक्क्याचं चिन्ह लिहिणं. टक्का म्हणजे कुठूनही. सोबत फायरवॉलमध्ये ३३०६ सगळ्या जगाला उघडं केलं, की जोडणी लगेच होते. ती इतर सगळ्यांचीही होऊ शकते.

डेटाबेसची मंडळी इतकी कडक का, हे समजायला २५ जानेवारी २००३चा दिवस आठवावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०००मधल्या एका दोषावर बेतलेला स्लॅमर हा किडा त्या दिवशी सुटला. त्याचा आकार फक्त ३७६ बाइट. हा परिच्छेदही त्यात मावणार नाही. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत जगातले बहुतेक सगळे असुरक्षित सर्व्हर, म्हणजे किमान पंचाहत्तर हजार यंत्रं, त्यानं गाठली. बँक ऑफ अमेरिकेची तेरा हजारांच्या आसपास एटीएम त्या काळात पैसे देऊ शकली नाहीत. दोषावरची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती. त्याहून महत्त्वाचं हे, की त्यातल्या असंख्य डेटाबेसांचं पोर्ट खुल्या इंटरनेटवर असण्याची गरजच नव्हती.

धडा मिळूनही तो गिरवला गेला नाही. २०१७च्या जानेवारीत पासवर्डाविना उघड्यावर असलेले मोंगोडीबीचे डेटाबेस एकामागून एक पुसले गेले आणि त्यांच्या जागी बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी ठेवली गेली. काही आठवड्यांत वीस हजारांहून अधिक डेटाबेस यात सापडले. पैसे भरूनही अनेकांना माहिती परत मिळाली नाही, कारण पुसणाऱ्यानं तिची प्रत ठेवलीच नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी आपणहून फक्त स्वतःच्या यंत्राची हाक ऐकू लागलं. त्या १११ आकड्यामागे एवढा इतिहास आहे.

मग रीतसर जोडणी कशी करायची? खातं एकाच पत्त्यापुरतं काढायचं. त्याला त्या एकाच डेटाबेसवर, आणि वाचन-लेखनापुरतेच अधिकार द्यायचे. पुस्तकांची यादी दाखवणाऱ्या स्क्रिप्टला तक्ता उडवण्याचा अधिकार लागत नाही. फायरवॉलमध्येही ३३०६ त्या एका पत्त्यालाच उघडायचं. पासवर्डाचं गणित सुरक्षित असलं तरी त्यानंतरची माहिती उघडी जाते, आणि पीएचपी सांगितल्याशिवाय टीएलएस हे कूटलेखन वापरत नाही. म्हणून प्रमाणपत्राची फाइल देऊन ते चालू करावं लागतं. ३३०६ उघडायचंच नसेल तर एसएसएचचा बोगदा आहे: वेब सर्व्हरवरचं एखादं रिकामं पोर्ट पलीकडच्या ३३०६शी आतून जोडायचं. मात्र मग स्क्रिप्टमध्ये १२७.०.०.१ लिहायचं; 'लोकलहोस्ट' लिहिलं तर क्लायंट पुन्हा सॉकेट फाइल शोधत बसेल.

आणि पासवर्ड स्क्रिप्टच्या आत ठेवायचा नाही. २०१६मध्ये उबरच्या अभियंत्यांच्या गिटहबवरच्या खासगी कोड-साठ्यात हल्लेखोरांना अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची किल्ली सापडली आणि पाच कोटी सत्तर लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. जगाला ते कळलं २०१७च्या नोव्हेंबरमध्ये.

जोडणी झाली, तरी अंतर उरतंच. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. वेब सर्व्हर मुंबईत आणि डेटाबेस अमेरिकेतल्या व्हर्जिनियात असेल तर एका जाण्यायेण्याला जवळपास दोनशे मिलिसेकंद लागतात. टीसीपीची एक फेरी, सर्व्हरच्या स्वागताची एक, पासवर्डाची एक. पहिला प्रश्न विचारण्याआधीच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ गेलेला असतो. पीएचपी ही जोडणी साधारणपणे प्रत्येक पानासाठी नव्यानं करतं. शिवाय मायएसक्यूएल एका वेळी किती जोडण्या घेईल त्याची मूळ मर्यादा १५१ आहे. लांबच्या डेटाबेसमुळे प्रत्येक पान जोडणी जास्त वेळ अडवून धरतं. दहावीच्या निकालाच्या दुपारसारखी गर्दी झाली तर ही मर्यादा पाहता पाहता भरते आणि 'टू मेनी कनेक्शन्स' असं सांगणारी १०४० येते.

सगळ्यांत जास्त वेळ खाते ती लिहिण्याची सवय. चाळीस पुस्तकांची यादी एका प्रश्नात आणायची आणि मग प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी वेगळा प्रश्न विचारायचा, असे झाले एकेचाळीस. दोनशे मिलिसेकंदांच्या अंतरावर त्यांना आठ सेकंद लागतात. दोन तक्ते जोडून तोच प्रश्न एकदा विचारला तर एक फेरी पुरते. अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६पासून आहे, त्यामुळे दोन्ही यंत्रं एकाच शहरात ठेवणं आता अवघड नाही. तिथे फेरी मिलिसेकंदाच्या आसपास होते आणि एकेचाळीस प्रश्नही कुणाला जाणवत नाहीत. मायएसक्यूएलची मंद प्रश्न टिपणारी नोंदवहीसुद्धा त्यांना पकडत नाही, कारण त्यातला प्रत्येक प्रश्न स्वतःपुरता चपळ असतो. ते शोधायचे तर एक पान उघडताना डेटाबेसकडे एकूण किती प्रश्न गेले, ते मोजावं लागतं.